तीन टिंबांची पत्रं

सकाळी मेल उघडल्याबरोबर पहिली आली ती तक्रार. ‘तुमचा प्रोग्राम माझ्या नवऱ्याला लबाड म्हणतो. आहेत ते तसे थोडेफार, पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?’

गाळणीने ती दोनदा वाचली, खुर्ची पुढे ओढली आणि हातातला चहा बाजूला ठेवला. तिला गाळणी म्हणायचे ते कामामुळे. चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्या, त्यात पाच माणसं, आणि त्या पाच जणांनी मिळून बनवलेला मेल पाठवायचा एक प्रोग्राम. त्याचं नाव ‘कबुतर’. प्रोग्राम लोकांच्या हाती पडण्याआधी त्यातले दोष शोधून काढणं हे हिचं काम. तिच्या नजरेतून काही सुटत नसे, म्हणून गाळणी. तिलाही ते नाव मनापासून आवडायचं. फक्त लग्नाच्या स्थळांना ते कळू नये एवढीच तिच्या आईची अट होती.

कबुतराची मोठी ऐट होती ती त्याच्या एन्क्रिप्शनची, म्हणजे कुलपाची. मेल लिहिणाऱ्याने कुलूप लावून पाठवायचा, घेणाऱ्याने आपल्या किल्लीने उघडायचा. मधल्यामध्ये कुणी डोकावलंच तर त्याच्या हाती नुसती अक्षरांची मिसळामिसळ. शिवाय प्रत्येक मेलवर लिहिणाऱ्याचा शिक्का: हे पत्र माझंच आहे आणि वाटेत त्याला कुणी हात लावलेला नाही. शिक्का जुळला नाही की कबुतर मेलच्या माथ्यावर लाल पट्टी दाखवायचं. पट्टीवर काय लिहायचं ते साहेबांनी स्वतः ठरवलं होतं: ‘सावधान! या माणसावर विश्वास ठेवू नका.’

कबुतराने कबुतराला पाठवलेला मेल सुतासारखा सरळ जायचा. भानगडी व्हायच्या त्या दुसऱ्या प्रोग्रामशी गाठ पडली की.

गाळणीने तक्रारवाल्या बाईंना उत्तर लिहिलं. यजमान काय लिहितात आणि कुठल्या प्रोग्रामातून लिहितात ते कळवाल का? तासाभरात उत्तर आलं. ‘आजचंच सांगते. त्यांनी विचारलं, माझा चष्मा तुझ्याकडे आहे का. त्यावर तुमची ही लांबलचक लाल पट्टी. चष्म्यात कसली आलीय लबाडी? आणि चष्म्याला कुलूप कशाला असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. म्हणे, उघडं लिहायची सवय एकदा लागली की लागली. प्रोग्रामचं म्हणाल तर काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. बघितलं की डोळे दुखतात.’

काळा पडदा आणि हिरवी अक्षरं म्हणताच गाळणीने ओळखलं. हा ‘खिळा’. आणि खिळा म्हटलं की खविस आलाच.

खिळा हा प्रोग्राम एकाच माणसाने लिहिला होता, एकट्याने, फार वर्षांपूर्वी. त्यात चित्र दिसत नसे, माऊस चालत नसे, पण जे तो वापरत ते त्याच्यावर जीव टाकत. लिहिणारा माणूस मात्र अवघड. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट होता; तिथे कुणी काही विचारलं की हा उत्तर द्यायचा, ‘नियम वाचा.’ वाचून पुन्हा विचारलं तर, ‘पुन्हा वाचा.’ गाळणीच्या ऑफिसात त्याला खविस हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण बदलावं असंही कुणाला वाटलं नव्हतं.

तरी तिने लिहिलं. साधा मेल, बिनकुलपाचा. ‘आपल्या प्रोग्रामचा शिक्का आमच्याकडे जुळत नाही. याबद्दल बोलता येईल का?’

उत्तर दहा मिनिटांत. ‘दोषांबद्दल उघड्यावर बोलत नाही. कुलूप लावून लिहा.’ सोबत त्याची किल्ली, म्हणजे कुलूप लावायची; उघडायची त्याच्याकडेच.

हिने कुलूप लावून लिहिलं. चार दिवस गेले, हूं नाही की चूं नाही. आणखी एक लिहिलं. मग आणखी एक. शेवटी न राहवून बिनकुलपाचं विचारलं, ‘माझे मेल मिळाले का?’

‘आलेलं नाही. कुलूप लावून लिहा.’

असं महिनाभर चाललं. कुलूप लावलं की माणूस मुका, कुलूप काढलं की एक ओळ. गाळणीचा मूळचा स्वभाव शांत, पण तिच्या मेलमधली भाषा हळूहळू कडक होत गेली. तिकडे तक्रारवाल्या बाई अधूनमधून विचारत होत्या, ‘काय गं, आमच्या ह्यांची अब्रू कधी परत मिळणार?’ दोघींची आता चांगलीच ओळख झाली होती.

एक दिवस खिळ्याच्या जुन्यापान्या वेबसाईटवर भटकताना तिला तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ सापडली. ‘माझी किल्ली खरोखर माझीच आहे याची खात्री ज्यांना करून घ्यायची असेल, त्यांनी प्रत्यक्ष घरी यावं. गुरुवारी, चार ते सहा.’ खाली घरचा पत्ता. याच शहरातला!

ती तडक साहेबांकडे गेली. साहेबांना ऑफिसात सगळे ‘उद्या’ म्हणायचे, कारण नवीन आवृत्ती कधी, पगारवाढ कधी, पंखा दुरुस्त कधी, सगळ्याला त्यांचं एकच उत्तर असे.

“सर, मी खविसाच्या घरी जाऊन येते.”

“उद्या जा,” साहेब सवयीने म्हणाले.

“ते फक्त गुरुवारीच भेटतात.”

साहेबांनी कॅलेंडर बघितलं. “मग उद्याच आहे की गुरुवार!” आपलं उत्तर चक्क बरोबर आलेलं पाहून त्यांचाच चेहरा उजळला.

*

गल्लीच्या टोकाला अरुंद, दुमजली घर. खालच्या मजल्याच्या खिडकीत बिनडोक्याचे, बिनहाताचे पुतळे उभे होते; एकाच्या अंगावर राजाचा झगा, दुसऱ्याच्या अंगावर अर्धवट टाचलेला सैनिकी कोट. गाळणीने बेल वाजवली. दार उघडलं ते साठीच्या घरातल्या एका बाईंनी. गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचण्या.

“दुसरी दासी ना?” टाचण्यांमधून जागा काढत बाई बोलल्या. “किती उशीर! चढ त्या स्टुलावर.”

“नाही, मी...”

“हात वर कर.”

बाईंच्या आवाजात अशी काही जरब होती की गाळणी पर्स खांद्याला लटकवून स्टुलावर चढली आणि हात वर करून उभी राहिली. खोलीभर कापडाचे तागे, लेस, मुकुट, एका टोपलीत नुसती बटणं. बाईंनी कंबर मोजली, खांदे मोजले, आणि दंडाशी आल्या तेव्हा कुठे हिला बोलायला उसंत मिळाली.

“काकू, मी नाटकातली नाही हो. मी किल्लीची खात्री करायला आलेय. सरांच्या.”

काकूंच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या.

“आमच्या ह्यांच्या?” त्यांनी टेप गळ्यात टाकली. “अगं, हा माणूस दर गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून चार वाजता वर जाऊन बसतो. सहा वाजता खाली येतो आणि म्हणतो, आज काही कुणी आलं नाही. कित्येक वर्षं हेच! मी म्हणायची, अहो, कोण येणार? आणि तू आलीस!”

त्या इतक्या आनंदल्या की गाळणीला खाली उतरायला हात द्यायचंही विसरल्या. ती आपली आपण उतरली, आणि उतरता उतरता तिची नजर कापायच्या मोठ्या टेबलाकडे गेली. तिथे कापडाच्या तुकड्यांत एक लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर तिच्या ओळखीचं करडं कबुतर. मेलच्या माथ्यावर लाल पट्टी, सावधान, या माणसावर विश्वास ठेवू नका. आणि पट्टीखाली एकच ओळ: ‘बेल वाजल्यासारखी वाटली. कुणी आलं आहे का?’

गाळणीने पडद्याकडे बघितलं, मग काकूंकडे.

“त्या तक्रारवाल्या बाई तुम्ही?”

“आणि ते गोड गोड लिहिणारी तू?” काकूंनी तिचे दोन्ही हात धरले आणि लगेच आवाज खाली आणला. “हळू बोल. त्यांना ठाऊक नाहीये.”

“काय ठाऊक नाहीये?”

“मी तुमचं कबुतर वापरते ते. मी खिळाच वापरते असं वाटतंय त्यांना.” काकूंनी जिन्याकडे नजर टाकली. “काय करणार गं? मला नाटकवाले कापडांचे फोटो पाठवतात. खिळ्यात चित्र दिसत नाही. फोटोच्या जागी लिहून येतं, ‘इथे एक चित्र आहे.’ अगं, पण निळं आहे की जांभळं आहे? राणीला एकदा गणवेशाच्या रंगाची साडी शिवून बसले मी. तेव्हापासून गुपचूप कबुतर घेतलं. वर्ष होईल आता. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला प्रोग्राम, कसं सांगू तोंडावर?”

“मी काही बोलणार नाही,” गाळणीने शब्द दिला. शब्द देताना तिला काही अवघड वाटलं नव्हतं.

*

वरच्या खोलीत खविस टेबलाशी ताठ बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नीट भांग, समोर एक रिकामी खुर्ची, पुसून ठेवलेली. गाळणीला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट निघाला माणूस. उभा राहिला, “या, या” म्हणाला, खुर्ची पुढे केली आणि मग काय करायचं ते न सुचून पुन्हा उभा राहिला.

“आपण कोण?”

“मी कबुतरवाल्यांकडून आलेय.”

त्याचा चेहरा पडला. पण पाहुणी ती पाहुणी. त्याने आधी काम पुरं केलं. तिचं ओळखपत्र बघितलं, स्वतःचं दाखवलं, मग आपल्या किल्लीचा लांबलचक क्रमांक एकेक अक्षर करून मोठ्याने वाचला, आणि हिने तो आपल्या लॅपटॉपवर पडताळून “बरोबर, बरोबर” म्हटलं. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा म्हातारा जरासा हसला. मग त्याने पटापटा काहीतरी टाईप केलं.

“काय लिहिलंत?”

“खाली कळवलं. दोन चहा.”

“कुलूप लावून?”

“अर्थात.”

खालून कबुतराची टिंग ऐकू आली, आणि पाठोपाठ काकूंचा आवाज, “आणते होऽ!”

“ही कधी लिहून उत्तर देत नाही,” खविस म्हणाला. “हाक मारते. पूर्वी लिहायची.” मग घसा साफ करून तो मूळ मुद्द्यावर आला. “तुमच्या कंपनीबद्दल मला एक बोलायचं आहे. मी महिन्यापूर्वी किल्ली पाठवली. कुलूप लावून लिहा म्हटलं. तुमच्याकडून एक अक्षर नाही. याला काय म्हणायचं?”

“एक अक्षर नाही?” गाळणीचा आवाज चढला. “सर, मी तुम्हाला दहा-अकरा मेल लिहिले. सगळे कुलूप लावून!”

“आलेले नाहीत.”

“पाठवलेले आहेत.”

“असं कसं होईल? फक्त विषय न लिहिलेले मेल मी बघत नाही. ज्याला विषयाच्या जागी शब्द नाही तो माणूस तोंड झाकून दार वाजवतोय असं मी समजतो. तसले मेल खिळा आपोआप कचरापेटीत टाकतो.”

गाळणीने डोळे मिटले. “सर, आमचं कबुतर विषयसुद्धा कुलपाच्या आत ठेवतं. चोरट्याला तोही दिसू नये म्हणून. बाहेर नुसती तीन टिंबं ठेवतं.”

मग खविसाने कचरापेटी उघडली.

“मी काही कधी पुसून टाकत नाही,” तो म्हणाला. हिरव्या अक्षरांच्या ओळी वर सरकू लागल्या. तीन टिंबं, तीन टिंबं, तीन टिंबं. त्याने तिच्या नावाचा पहिला मेल उघडला, किल्ली लावली आणि वाचू लागला. मोठ्याने.

“‘आदरणीय महोदय, आपल्या प्रोग्रामबद्दल मला नितांत आदर आहे...’ छान लिहिलंय. पुढचा. ‘महोदय, आठवण करून देण्यासाठी लिहीत आहे.’ बरं. ‘आपण उत्तर द्याल ही आशा मी सोडलेली नाही.’ हं. ‘आशा सोडली आहे.’”

“पुरे ना सर,” गाळणी म्हणाली. “मुद्दा कळला.”

पण खविस वाचायला बसला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस. “‘आमच्या ऑफिसात तुम्हाला खविस म्हणतात. मी आजवर तुमची बाजू घेत होते. आजपासून मीही तेच म्हणणार आहे.’”

गाळणीला वाटलं, जमीन दुभंगून खाली कापडाच्या ताग्यांत जाऊन पडता आलं तर बरं. खविसाने ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली.

“‘आजपासून’ लिहिलंत,” तो म्हणाला. “म्हणजे आधी म्हणत नव्हतात.”

“आधीपण म्हणत होते,” गाळणीने मान खाली घालून सांगितलं.

खविस हसला. मोठ्याने नाही, पण खांदे हलले. “हिला सांगायला हवं,” म्हणाला, आणि आणखी काही निघतंय का बघायला त्याने यादी खाली सरकवली. गाळणीच्या मेलच्या आजूबाजूला, वर, खाली, सगळीकडे तीन टिंबंच होती, आणि त्या टिंबांशेजारी तिचं नाव नव्हतं.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने घाईघाईने म्हटलं, “सर, ते राहू द्या आता, आपण शिक्क्याचं बघू या ना!”

“हा पत्ता तर...” खविस पुढे वाकला. चष्मा वर केला, खाली केला. “हा आमच्याच घरचा आहे.”

त्याने एक मेल उघडला. ‘अहो, आज ताईचा फोन होता. रविवारी तिच्याकडे जायचं का?’ दुसरा उघडला. ‘पडद्यांना कुठला रंग घेऊ? तुम्हाला काहीच चालतं हे मला माहीत आहे, तरी विचारते.’ तिसरा. ‘आज झगा पुरा झाला. खाली येऊन बघता का? मला आवडलाय.’ चौथा नुसता एका ओळीचा होता. ‘वर करमतं का हो तुम्हाला?’

तो एकेक उघडत गेला. आता मोठ्याने वाचत नव्हता. गाळणी भिंतीकडे बघत बसली. वर्षभराचे मेल होते ते, रोज एक, कधी दोन.

जिन्यावर पावलं वाजली आणि काकू ट्रे घेऊन वर आल्या. पडद्याकडे नजर जाताच त्या जागच्या जागी थबकल्या. गाळणीने हातांनीच खूण केली, मी नाही, मी काही बोलले नाही.

“हे तू लिहिलंस?” खविसाने विचारलं.

“मग काय शेजारणीने लिहिलं?” काकूंनी ट्रे टेबलावर ठेवला. आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्या एकदम मोकळ्या झाल्या. “हो, वापरते मी कबुतर. तुमच्या खिळ्यात मला निळा रंग दिसत नाही.”

“मला सांगायचं होतंस.”

“रंग दिसत नाही एवढं सांगितलं की! तीन पानांचा मेल लिहिला होता मार्चमध्ये. रडत रडत लिहिला होता. तुम्ही त्यावर चकार शब्द काढला नाहीत. मी म्हटलं, रागावले वाटतं. राहू दे, विषय नको.”

खविसाने तो मेल शोधला. होता तिथेच, तीन टिंबांखाली, कुलूपबंद.

“आणि मला वाटलं, तू रागावलीस,” तो हळूच म्हणाला. “लिहिणंच बंद केलंस म्हणून.”

“वर्षभर असं वाटत होतं? मग विचारलं का नाहीत?”

“विचारणार होतो. धीर झाला नाही.”

काकूंनी पदराने, म्हणजे टेपच्या टोकानेच, डोळ्याचा कोपरा टिपला. “बत्तीस पायऱ्यांचा जिना नाहीये हो आपला. खाली यायचं होतं की.”

“तू वर यायचं होतंस.”

“मला वाटायचं, वाचून गप्प बसलेत, तर वर जाऊन काय वेगळं बोलणार!”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. गाळणीला चहा हवा होता, पण ट्रेपर्यंत हात न्यायचा तर दोघांच्या मधून न्यावा लागला असता. ती चहावर साय धरताना बघत राहिली.

*

काम झालं ते खाली, कापायच्या टेबलावर. वरच्या खोलीत तिघं मावत नव्हते, आणि काकूंना आता सगळं डोळ्यांसमोर घडायला हवं होतं. त्यांनी कात्रीने कापड बाजूला सारलं आणि दोन लॅपटॉप समोरासमोर ठेवायला लावले.

खविसाने एक मेल पाठवला. गाळणीच्या कबुतरावर लाल पट्टी आली. खविसाने पट्टीवरचा मजकूर पहिल्यांदाच वाचला.

“हे वर्षभर माझ्या प्रत्येक मेलवर येत होतं?”

“रोज,” काकू समाधानाने म्हणाल्या.

मग दोघांनी तो मेल अक्षर अक्षर ताडून बघायला सुरुवात केली. खविस आपल्याकडचं वाचे, गाळणी आपल्याकडच्यावर बोट ठेवून पुढे सरके. सगळं जुळत गेलं. मजकूर संपला. खिळ्यात पत्राखाली दोन आडव्या रेघा येत आणि त्यांच्याखाली नाव.

“आडवी रेघ,” खविस वाचत होता. “आडवी रेघ. रिकामी जागा. मग पुढची ओळ.”

“थांबा,” गाळणी म्हणाली. “माझ्याकडे रिकामी जागा नाहीये.”

“आहे. मी पाठवली आहे.”

“तुम्ही पाठवली असेल. माझ्याकडे रेघेनंतर ओळ संपते.”

दोघांनी एकदमच मान वर केली. चोर सापडला होता. कबुतर पडलं टापटिपीचं. आलेल्या मेलमधल्या ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा ते आधी झाडून टाकायचं आणि मग शिक्का तपासायचं. शिक्का मारला तेव्हा एक मोकळी जागा होती, तपासला तेव्हा नव्हती. एवढ्यावरून कबुतर बोंब मारायचं की वाटेत कुणीतरी पत्राला हात लावला. हात लावला होता त्याचा त्यानेच.

“म्हणजे चूक तुमची,” खविस म्हणाला. “शिक्का तपासेपर्यंत पत्राला शिवायचं नाही. नियम वाचा.”

“वाचलाय,” गाळणी म्हणाली. “त्याच नियमात खाली लिहिलंय, ओळीच्या शेवटची मोकळी जागा पाठवणाऱ्याने गुंडाळून पाठवावी, म्हणजे वाटेत सांडणार नाही. तुम्ही उघडीच पाठवता. पुन्हा वाचा.”

खविसाने खरंच नियम उघडून पुन्हा वाचला. कान लाल झाले.

“आधी तुम्ही बदला,” तो म्हणाला, “मग मी बघतो.”

“तुम्ही आधी.”

“माझा प्रोग्राम जुना आहे.”

“म्हणूनच आधी.”

“अरे, काय लहान मुलांसारखं!” काकूंनी टेबलावर टेप आपटली. “दोघांच्याही चुका आहेत ना? मग दोघांनी दुरुस्त करा, आत्ता, इथे बसून. मी झग्याची एकच बाही शिवून राजाला नाटकात पाठवते का? आणि ते तीन टिंबांचंही करा. ह्यांच्या दारात पुन्हा कुणाचा मेल असा पडून राहायला नको.”

मग बोलणं थांबलं आणि नुसत्या कळा वाजू लागल्या. खविसाने मोकळ्या जागा नीट गुंडाळायची सोय केली आणि कुलपाच्या आत विषय आहे का ते बघूनच मेल टाकायचा की ठेवायचा ते ठरेल असं केलं. गाळणीने कबुतराला झाडू हातात घ्यायच्या आधी शिक्का तपासायला शिकवलं. मधेच ती एकदा म्हणाली, “काका, हे तुमचं इथलं लिहिलेलं भारी आहे हं,” आणि सरचा काका कधी झाला ते तिलाही कळलं नाही. मधेच खरी दुसरी दासी येऊन गेली. तिला काकूंनी उद्या ये म्हणून सांगितलं.

खविसाने काकूंना एक मेल पाठवला. टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, कुलूप लावून. टिंग झालं. तिघंही कबुतरावर वाकले. लाल पट्टी नव्हती. कोपऱ्यात बारकीशी हिरवी खूण होती आणि खाली लिहिलं होतं, ‘झगा छान झाला आहे.’

“बघितलात तरी कधी?” काकू म्हणाल्या.

“इथेच तर आहे समोर,” खविस म्हणाला. “मघापासून बघतोय.”

काकूंनी उत्तर लिहिलं. खविसाच्या काळ्या पडद्यावर ते अलगद येऊन बसलं, कचरापेटीत नाही, सगळ्यांच्या वर, आणि विषयाच्या जागी पूर्ण शब्द होता: ‘बाह्यांबद्दल.’ आत काय होतं ते गाळणीने बघितलं नाही. तिने पर्स उचलली. काकूंनी तिला दारापर्यंत सोडलं आणि घेतलेली मापं वाया कशाला घालवायची म्हणून एक कुडता शिवून देईन असं बजावलं.

*

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. कबुतर आता खिळ्याशी बोलतं हे जाहीर कधी करायचं असं गाळणीने विचारलं, तेव्हा ते “आजच” म्हणाले आणि मग स्वतःच दचकले. दोष कुणाचा होता ते लिहिताना मात्र चांगलीच ओढाताण झाली. खविसाला ‘दोन्ही बाजूंचा’ हे मान्य होतं, पण मोकळी जागा हा शब्द कुठे यावा यावर त्याचे आणि गाळणीचे पाच-सहा मेल झाले. सगळे कुलूपबंद, सगळे पोचले.

पंधरवड्याने काकूंचा मेल आला. शिक्का जुळत होता. गाळणीने ऑफिसातल्या खिडकीशी बसून तो वाचला.

‘बाळ, तुझ्या कुडत्याला गळा कसा हवा ते कळव. इकडे काय झालंय ते सांगते. तू गेल्यापासून हे कचरापेटीतले माझे मेल पहिल्यापासून वाचायला बसलेत आणि एकेकाला उत्तर देताहेत. क्रमाने. पडद्यांबद्दल विचारलं होतं त्याचं उत्तर आलं, पिवळे घे. अगं, हिरवे लावून आठ महिने झाले! तरी पिवळे आणले. परवा उत्तर आलं, हो, रविवारी ताईकडे जाऊ. मी वरून खाली हाक मारणार, म्हणजे खालून वर, की अहो तो गेल्या वर्षीचा रविवार. तर हे शर्ट घालून, बूट घालून जिन्यात उभे. मीही चपला घातल्या. गेलो. ताईला कळवलेलं नव्हतं, ती सहलीला गेलेली. घराला कुलूप. मग तिच्या पायरीवर बसलो दोघं. सोबत नेलेली बिस्किटं खाल्ली. शेजारी येणारे जाणारे बघत होते. ह्यांनी विचारलं, बत्तीसचा आकडा कुठून काढलास, आपला जिना सतराच पायऱ्यांचा आहे. मी म्हटलं, मोजल्यात वाटतं. म्हणाले, वर जाताना रोज मोजतो, कितव्या पायरीवर तुझा आवाज ऐकू यायचा थांबतो ते बघायला. ऊन उतरेपर्यंत बसलो तिथेच. ताईसाठी चिठ्ठी ठेवून आलो.’

गाळणीने मेल मिटला. मग पुन्हा उघडला आणि उत्तर लिहायला घेतलं. गळा गोल चालेल, असं लिहिलं, आणि बिस्किटं कुठली होती तेही विचारलं.